सेन्सर ओरडतो म्हणून वायर तोडायची?

पिकअप मागे घेताना मागे काहीही नसताना सेन्सर बीप-बीप करीत राहतो, किंवा भिंत हातभर अंतरावर आली तरी तोंड उघडत नाही. अशा वेळी आपले बहुतेक चालक दोनपैकी एक मार्ग धरतात. गॅरेजवाला सांगेल तो सगळा सेट बदलून घेतात, नाहीतर सरळ वायर तोडून मोकळे होतात. आमचा विरोध दोन्हींना आहे. पहिल्या मार्गात हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाचा खिसा विनाकारण कापला जातो आणि दुसऱ्यात कुणाचे तरी लेकरू चाकाखाली जाऊ शकते.

हे यंत्र काय करते ते एकदा समजून घेतले पाहिजे. बंपरमध्ये बसवलेल्या बटणासारख्या चकत्या माणसाला ऐकू न येणारा, बहुधा सेकंदाला 40 हजार कंपनांच्या आसपासचा आवाज सोडतात आणि अडथळ्यावर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपतात. एक मीटरवरच्या भिंतीवरून तो सुमारे 6 मिलिसेकंदांत परत येतो, त्यावरून कंट्रोलर अंतर काढतो. यात जादू कसलीच नाही. तेव्हा बिघाडालाही कारण असणार आणि ते शोधले तर सापडणार.

शोध गॅरेजात नव्हे, गाडीच्या मागे उभे राहून सुरू करावा. ताडपत्रीची दोरी लोंबते आहे का? नंबर प्लेट वाकून चकतीसमोर आली आहे का? वेल्डिंगवाल्याकडून हौसेने बसवून घेतलेला लोखंडी गार्डच तिच्या आड येतो का? चिखल सुकून बसला आहे का, की बंपर रंगवताना चकत्यांवरही रंगाचा जाड थर चढवला? पिकअपची आणखी एक गोष्ट आहे. रिकामी गाडी मागून पाट्यांवर उंच उभी असते, माल भरला की बंपर खाली बसतो आणि चकतीचा रोख बदलतो. म्हणून गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही वेळा पाहावी. भरल्यावरच ओरडत असेल तर ती कदाचित जमिनीलाच अडथळा समजत असेल.

सगळेच सेन्सर मुके असतील तर आधी रिव्हर्स लाइट लागतो का ते बघावे. तो लागत नसेल तर फ्यूज आणि गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच तपासावा. चारही चकत्या एकाच दिवशी मेल्या, हे सांगणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

एखादीच चकती बिघडल्याचा संशय असेल तर उपाय फुकटचा आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी आणि रिव्हर्स गिअर टाकावा. मग प्रत्येक चकतीजवळ कान न्यावा किंवा तिच्यावर बोट टेकवावे. चालू चकतीची बारीक टिकटिक ऐकू येते, बोटालाही जाणवते. जी गप्प, ती संशयित. आमच्या वकिली भाषेत ती अजून आरोपी आहे, गुन्हेगार नाही! कारण तिला वीजच पोहोचत नसेल तर ती बोलणार कशी? एकाच प्रकारच्या दोन चकत्यांची अदलाबदल करावी. दोष चकतीबरोबर सरकला तर चकती खराब. दोष जागच्या जागी राहिला तर वायर, प्लग किंवा कंट्रोलर बघावा. प्लगमध्ये पाणी शिरून हिरवा गंज चढतो, चॅसिसला घासून वायर सोलते. मल्टिमीटर लावला की हे उघडे पडते. स्कॅनरचा कोडही त्या सर्किटकडे बोट दाखवतो, चकतीच गेली असा निकाल तो देत नाही.

आता कायद्याचे. गाडी मागे घेताना कुणी दगावले तर "सेन्सर वाजला नाही" हा बचाव चालकाला सहसा वाचवत नाही. मागे कुणी नाही याची खात्री करणे हे त्याचेच काम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या 304-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. शिवाय दुरुस्त सेन्सरलाही बारीक सळई, बंपरखाली बसलेले मूल दिसेलच असे नाही. गल्लीबोळात क्लीनर खाली उतरलाच पाहिजे.

आणि गाडी धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कुणी ऐकवले तर ऐकून घेऊ नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यापारी हेतू'तून वगळलेली आहे. स्वतः ट्रक चालवणारा मालक ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालातच सांगितले. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. जिल्हा आयोगापुढे भांडायचे तर हातात कागद हवा. "सेन्सर काम" एवढेच लिहिलेले बिल घेऊ नये. कोणता भाग, कोणत्या बाजूचा, कशासाठी बदलला, हे लिहून घ्यावे आणि काढलेली जुनी चकती मागून आपल्या ताब्यात ठेवावी.