संशय म्हणजे वाचन नव्हे : स्टॅटिनच्या गोळीनिमित्त

साहित्य शिकणारे आणि शिकवणारे आपण सारे स्वतःला चिकित्सक वाचक समजतो. शब्दामागचा हितसंबंध, संहितेमागची सत्ता, मौनामागचा हेतू शोधण्याचे शिक्षण आपण घेतो आणि पुढे तेच देतो. असे असूनही रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन या औषधांविषयी याच मंडळींत जे बोलले जाते, ते ऐकून त्या शिक्षणाविषयीच शंका यावी. ‘हे सारे औषध कंपन्यांचे कारस्थान’, ‘एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते’, ‘स्नायू झिजतात’, ‘अमेरिकेनेच आता कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवले’ ही विधाने प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर फिरत असतात, आणि प्रत्येक विधान चिकित्सेच्या थाटात उच्चारले जाते. प्रस्तुत लेख या थाटाविरुद्ध आहे. विषय वैद्यकाचा आहे, हे आम्हांस मान्य आहे; परंतु त्यात घडणारा दोष वाचनाचा आहे, आणि वाचन हा आपला व्यवसाय आहे.

शेवटच्या विधानापासून आरंभ करू. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीने २०१५ साली असे म्हटले की, अन्नातील कोलेस्टेरॉल हा अतिसेवनाच्या दृष्टीने चिंतेचा घटक नाही. दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा त्यानंतरच्या तत्त्वांतून गळाली. या वाक्यातले ‘अन्नातील’ हे विशेषण निर्णायक आहे. अंड्याच्या बलकातले कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत साचत जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, कारण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा शरीर स्वतःच तयार करते. समितीने रक्तातल्या एलडीएलला कोणतेही निर्दोषत्व बहाल केले नव्हते. पण हे वाक्य आपल्या मोबाईलवर पोहोचेपर्यंत विशेषण वाटेतच गळाले. कवितेतले विशेषण गाळून अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत मात्र तीच चूक पुढे पाठवतो.

आता कारस्थानाकडे वळू. औषध कंपन्यांविषयीच्या संशयाला आमचा विरोध नाही. त्याला सबळ आधार आहेत. फायझर कंपनीच्या लिपिटॉरची, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनची, अमेरिकेतली जाहिरात हा वर्गात शिकवावा असा नमुना आहे. हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होतो, असे तीत ठळक अक्षरांत होते. त्या आकड्यावरच्या तारांकनाचा माग काढत खाली गेले की बारीक अक्षरांत खुलासा सापडे : एका मोठ्या अभ्यासात साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना झटका आला, तर लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना. म्हणजे शंभरांत एकाचा फरक. ‘बिझनेस वीक’ने २००८ च्या जानेवारीत याच जाहिरातीवरून मुखपृष्ठ-लेख केला होता. ३६ हा आकडा खोटा नव्हता. तो कशाचे गुणोत्तर आहे, एवढेच वाचकाच्या नजरेआड ठेवले होते.

आपले चिकित्सक येथे थांबतात. ‘पाहा, फसवणूक!’ असे म्हणून ते गोळी बंद करतात. आमच्या मते वाचन येथून सुरू व्हायला हवे. हा शंभरांतला एक कोणाच्या शंभरांतला? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तदाबाचे सुमारे दहा हजार रुग्ण होते, आणि त्यांच्यावरील सरासरी निरीक्षण अवघे सव्वातीन वर्षांचे होते. त्याआधी १९९४ साली स्कँडिनेव्हियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या ४,४४४ जणांना आधीच हृदयविकार होता. कोणाला झटका येऊन गेलेला, कोणाला छातीत कळा येत असलेल्या. सुमारे साडेपाच वर्षांत साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के मरण पावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. येथे शंभरांत चार, आणि तेही केवळ झटके नव्हेत, मृत्यू. औषधाचा वर्ग तोच, संदर्भ निराळा, म्हणून अर्थही निराळा. संदर्भाशिवाय अर्थ नाही हे वर्षभर फळ्यावर लिहिणाऱ्यांनी, झटका येऊन गेलेल्या मनुष्याला आणि चाळिशीतल्या निरोगी मनुष्याला एकच सल्ला देऊ नये.

पॉल रिकरने मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाचे आचार्य म्हटले, हा दाखला आपल्या उत्तरपत्रिकांत हमखास असतो. त्या तिघांनी संशय घेतल्यानंतर आयुष्य अभ्यासात घालवले, हे मात्र उत्तरपत्रिकेत येत नाही. आपला संशय अभ्यासाची सुटी असल्यासारखा असतो. तसे नसते तर आपण एवढे तरी पाहिले असते की, लिपिटॉरचे अमेरिकेतले पेटंट २०११ सालीच संपले. की भारतात अनेक कंपन्या ॲटोरव्हास्टॅटिन बनवतात आणि ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. ज्या मक्तेदारीविरुद्ध आपण आजही हिरिरीने बोलतो, ती केव्हाच मोडली आहे.

दुष्परिणामांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि साहित्याच्या माणसाला त्यात विशेष रस वाटावा. दुष्परिणाम खरे असतात. सेरिव्हास्टॅटिन हे याच वर्गातले औषध स्नायूंच्या घातक विघटनामुळे २००१ साली बायर कंपनीला बाजारातून मागे घ्यावे लागले. आज वापरात असलेल्या स्टॅटिनांनी तसा विकार होणे अत्यंत विरळ आहे. रक्तातली साखर किंचित वाढते, आणि जे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्यापैकी काही जण तो ओलांडतात, हेही खरे. पण सर्वाधिक तक्रार असते ती अंगदुखीची. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये १९ चाचण्यांचे एकत्र विश्लेषण आले. त्यांत १,२३,९४० लोक होते, आणि आपल्याला खरी गोळी मिळते आहे की खोटी, हे त्यांतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. स्नायूंच्या दुखण्याची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी केली, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी.

याहून बोलका प्रयोग लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधला, २०२० साली प्रसिद्ध झालेला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बारा डब्या देण्यात आल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, चार रिकाम्या. महिन्याला एक डबी, क्रम यदृच्छेने ठरलेला. ज्या महिन्यांत कोणतीच गोळी नव्हती, त्यांत त्रास कमी होता. स्टॅटिनच्या महिन्यांत तो वाढला. मात्र त्या वाढीतला सुमारे नव्वद टक्के भाग निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही तसाच आढळला. या लोकांचे दुखणे खोटे नव्हते. ते खरोखर दुखत होते. दुखवणारी गोष्ट बहुतांशी रसायन नव्हती. गोळीविषयी जे ऐकले आणि वाचले, त्यातून निर्माण झालेली अपेक्षा ती होती.

शब्दाचे सामर्थ्य या विषयावर आपण परिसंवाद भरवतो. येथे ते सामर्थ्य मोजून दाखवले गेले आहे, आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही. ‘त्या गोळीने माझ्या मेहुण्यांचे पाय गेले’ असे जो सहज बोलून जातो, तो ऐकणाऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आणू शकतो. ब्रिटनमध्ये २०१३ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकातल्या दोन लेखांनी स्टॅटिनच्या दुष्परिणामांचे प्रमाण फुगवून सांगितले. २०१४ साली ते विधान मागे घेण्यात आले. पण दरम्यान वृत्तपत्रांत त्याची जी चर्चा झाली, तिच्या काळात दोन लाखांहून अधिक लोकांनी गोळी सोडली असावी, असा अंदाज पुढे २०१६ साली मांडला गेला. मागे घेतलेले वाक्य सर्वांपर्यंत पोहोचत नाही. एखाद्या लेखकाविषयीचा प्रवाद खोडून निघाल्यावरही वर्षानुवर्षे टिपणांतून नांदतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

यापलीकडे एक सूक्ष्म कारण आहे, आणि ते खास आपले आहे. वाढलेले कोलेस्टेरॉल आपण आजार म्हणून वाचत नाही; चारित्र्य म्हणून वाचतो. तूप, तळण, मटण, आळस यांची शिक्षा म्हणून तो आकडा येतो, आणि गोळी म्हणजे संयमाचा पराभव ठरतो. ‘मी पथ्याने उतरवून दाखवीन’ ही प्रतिज्ञा यातूनच निघते. आजाराला रूपक केले की रुग्णावर नैतिक ओझे पडते, हे सुझन सोन्टागने १९७८ सालीच दाखवून दिले. तिचे पुस्तक अभ्यासक्रमाला लावणारे लोकही ते ओझे स्वतः वाहतात. पथ्याचे आणि चालण्याचे मोल आम्हांस ठाऊक आहे, ते गोळी घेणाऱ्यालाही चुकत नाही. परंतु एलडीएलचे प्रमाण पुष्कळ अंशी यकृताच्या जन्मजात स्वभावावर अवलंबून असते. काही कुटुंबांत ते आनुवंशिकतेनेच इतके चढे असते की, कितीही पथ्य केले तरी पुरत नाही. आणि ‘रसायन नको, नैसर्गिक हवे’ म्हणणाऱ्यांना एक माहिती द्यावीशी वाटते. अकिरा एंडो या जपानी संशोधकाने सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासून १९७३ साली पहिले स्टॅटिन वेगळे केले, ते तांदळावर आढळलेल्या एका बुरशीतून.

संशयाला खरोखर जागा आहे, ती वेगळीकडे. ज्याला कधी हृदयविकार झालेला नाही अशा पंचाहत्तरी ओलांडलेल्या मनुष्याने स्टॅटिन नव्याने सुरू करावे की नाही, याविषयी पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने २०२२ साली स्पष्ट नोंदवले. कमी धोक्याच्या तरुण मनुष्यानेही ‘मला नेमका किती फायदा?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. हे प्रश्न अवघड आहेत, म्हणून आपल्या चहाच्या वेळेत ते येत नाहीत. तेथे येते ते सरसकट ‘सगळे कारस्थान’. त्याची किंमत कोण देतो? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियाई देशांत ५३ आढळले, इतर देशांत जवळपास ५९. त्रेपन्न म्हणजे निवृत्तीला काही वर्षे उरलेला, मुलांची शिक्षणे चालू असलेला, आपल्याच विभागातला सहकारी.

आमचे म्हणणे एवढेच की, पुढच्या सत्रात सूक्ष्म वाचनाच्या तासाला एखाद्या कवितेबरोबर स्टॅटिनची एक जाहिरात आणि स्टॅटिनविरोधी एक निरोप, असे दोन कागद वाटावेत. प्रत्येक आकड्यापुढे ‘कितींपैकी?’, ‘किती काळात?’ आणि ‘कोणाला?’ हे तीन प्रश्न लिहायला सांगावेत. ज्याला दोन्ही कागदांवर हे प्रश्न सारख्याच कठोरपणे विचारता येतील, त्याने गोळी घ्यावी की न घ्यावी, ते त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. ज्याला विचारता येणार नाहीत, त्याने निदान दुसऱ्याची गोळी सोडवू नये.