स्कॅनर भंगारात देण्याआधी

जून-जुलैमध्ये सातारा किंवा सांगलीतल्या कुठल्याही सेवा केंद्रासमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "स्कॅनर बंद आहे, उद्या या." कारण विचारलं तर उत्तरही ठरलेलं: "अपडेट आलं, तेव्हापासून चालेना." मग कुणी जाणकार येतो, दोन-तीन बटणं दाबून बघतो आणि "मशीन गेलं, नवीन घ्या" असं सांगून मोकळा होतो. अशा बहुतेक वेळा मशीन गेलेलं नसतं. त्याची काच, दिवा, मोटर सगळं शाबूत असतं. तुटलेला असतो तो संगणकाशी होणारा संवाद.

हा संवाद घडवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या भागातल्या वाचकांना हे समजवायला फार लांब जायला नको. आदिलशाहीतली कितीतरी फर्मानं फारसी आणि मराठी अशी दोन भाषांत लिहिलेली असत, कारण दरबाराची भाषा वेगळी आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्याची वेगळी. मराठेशाहीतही फारसी पत्रव्यवहार सांभाळायला पारसनीस असे. ड्रायव्हर हा स्कॅनरचा पारसनीस. दरबार बदलला आणि नव्या दरबाराने जुन्या पारसनिसाला दारातच अडवलं, की गावचा पाटील कितीही ओरडला तरी आत ऐकू येत नाही.

दरबार का अडवतो, याची कारणं वेगवेगळी आहेत. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही, त्यामुळे फक्त ३२ बिटसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिथे चढत नाही. 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुरक्षेची सोय चालू असेल तर जुन्या पद्धतीने लिहिलेले काही ड्रायव्हर ती थांबवते. कधी चूक सरळ अपडेटचीच असते. विंडोज ११ च्या '२४एच२' या आवृत्तीत यूएसबीने जोडलेली आणि 'ईएससीएल' पद्धतीने बोलणारी काही स्कॅनर-प्रिंटर यंत्रं संगणकाला सापडेनाशी झाली होती. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये ते मान्य केलं आणि अशी यंत्रं जोडलेल्या संगणकांना ते अपडेट देणं तात्पुरतं थांबवलं. म्हणजे दुकानदार रडगाणं गातो असं समजू नये. मॅकवाल्यांचीही सुटका नाही. २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम बंद झाले, तेव्हा अनेक डीटीपीवाल्यांचे धडधाकट स्कॅनर टेबलाखाली गेले.

आता मोबाइलचा जमाना आहे, फोटो काढा आणि चढवा, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. तसं म्हणणाऱ्याने बहुधा जातीच्या दाखल्यासाठी कागद गोळा केलेले नसावेत.

महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. मुसलमानांतही तांबोळी, मुलाणी, बागवान, अत्तार, शिकलगार अशा जमाती आहेत आणि त्या मागास आहेत, हे शासनाच्या गळी उतरवायला शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळीत वर्षं घालवली. यादीत नाव आलं. पण घराघरात अडचण उरली ती वेगळीच. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं. 'मुलाणी' किंवा 'शिकलगार' हा शब्द सापडतो तो एखाद्या चुलत आजोबांच्या नोंदीत, कोतवाल बुकाच्या उताऱ्यात, नाहीतर मोडीतल्या एखाद्या खरेदीखतात. सबंध भावकीचा दाखला त्या एका कागदावर उभा असतो.

तो कागद कसा असतो? घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली, मागची अक्षरं पुढे उमटलेली. कागद आत ओढून घेणाऱ्या यंत्रात तो घालायचा म्हणजे तुकडे हातात घ्यायची तयारी ठेवायची. मोबाइलच्या फोटोत हाताची सावली पडते आणि काही ॲप कागद 'स्वच्छ' करण्याच्या नादात फिकट मोडी अक्षरंच पुसून टाकतात. इथे काचेचा सपाट स्कॅनरच लागतो, त्यातही जुना, जाडजूड, सीसीडी जातीचा. आज मिळणारे पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. कागद काचेपासून जरा उचललेला असेल, रजिस्टरची शिवण मध्ये आलेली असेल, की त्यांना तेवढा भाग धूसर दिसतो. जुना सीसीडी स्कॅनर तोच भाग नीट टिपतो. आणि ज्यांच्या ड्रायव्हरकडे कंपन्यांनी पाठ फिरवली आहे त्यांत हेच जुने स्कॅनर भरपूर आहेत! नवीन घेतलेलं यंत्र जुन्याचं काम करेलच, असं म्हणूनच नसतं.

सांगलीकरांना कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा घरात शिरली. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी इतक्या दिवस मुक्कामाला होतं की पेटीतले कागद लगदा होऊन निघाले. ज्यांनी आधी नीट स्कॅन करून ठेवलं होतं, त्यांच्या हातात निदान पाहायला काही उरलं.

मग करायचं काय? दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी घरच्या घरी जमण्यासारखं बरंच आहे. केबल हबमधून काढून थेट संगणकाच्या मागच्या यूएसबीत लावा. हास्यास्पद वाटेल, पण अनेकदा इतक्यावरच भागतं. नाही भागलं तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज इमेज ॲक्विझिशन' चालू आहे का ते बघा. स्कॅनरचं बरंचसं काम तिच्यामार्फत चालतं आणि ती बंद पडली की चांगलं यंत्रही मुकं होतं. त्यानंतर 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे स्कॅनरच्या नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर दुखणं ड्रायव्हरचं समजा. तो ड्रायव्हर फाइलसकट काढून टाका, संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा शेवटचा ड्रायव्हर घाला. गुगलवर पहिल्यांदा दिसणाऱ्या 'फ्री ड्रायव्हर'च्या दुकानांकडे फिरकू नका, तिथून ड्रायव्हरऐवजी व्हायरस येण्याचीच शक्यता जास्त.

मोठं अपडेट आत्ताच झालं असेल तर 'रिकव्हरी'मधून मागच्या आवृत्तीवर परतता येतं, पण साधारण दहाच दिवस. ही मुदत फार थोड्यांना माहीत असते, आणि 'उद्या या, उद्या या' करण्यात ती निघून जाते. मेमरी इंटिग्रिटी बंद करून ड्रायव्हर चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरच्या संगणकावर ज्याचं त्याने ठरवावं. पण दिवसभर लोकांचे आधार आणि बँक पासबुक हाताळणाऱ्या केंद्राने तो उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या झेरॉक्स यंत्रावरून संगणकाच्या फोल्डरात थेट स्कॅन पाठवणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. तिथे ड्रायव्हर नव्हे, नेटवर्कचे नियम आडवे येतात. नव्या विंडोजने बिनपासवर्डची देवाणघेवाण आणि जुने प्रोटोकॉल बंद केले आहेत. पासवर्ड असलेलं खातं करून द्या, नाहीतर सरळ पेनड्राइव्हवर स्कॅन घ्या.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक चाचणी जरूर करा. लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. संगणकात काहीही बसवावं लागत नाही, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. तिच्यात स्कॅनिंगचा साधा प्रोग्राम तयारच असतो. तिथे कागद स्कॅन झाला तर यंत्र ठणठणीत आहे. झाला नाही तरी लगेच निष्कर्ष काढू नका, त्या मॉडेलला तिथे आधार आहे का ते 'सेन' या प्रकल्पाच्या यादीत पाहता येतं. आधार असेल तर एखादा जुना, विंडोज ११ न पेलणारा संगणक फक्त स्कॅनिंगसाठी लिनक्सवर ठेवावा. विंडोजवर राहायचंच असेल तर 'नॅप्स टू' हा मोफत प्रोग्राम किंवा स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येणारा, विकत मिळणारा 'व्ह्यूस्कॅन' बघावा.

मोफत आणि खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक प्रसिद्ध हकिकत कागदाच्या यंत्रापासूनच सुरू होते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड मिळेना, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात साधी सुधारणाही करता येईना. त्या चिडीचा वाटा १९८३ च्या ग्नू प्रकल्पामागे आहे. आपल्या सेवा केंद्रात आज तीच चीड आहे, फक्त ती गिऱ्हाइकावर निघते.

आपल्या लोकांत अशा वेळी एक कुजबुज सुरू होते: हे सगळं मुद्दाम चाललंय. मला हे पटत नाही. अपडेट कुणाचं नाव विचारून येत नाही. पण कागद कुणाला किती वेळा दाखवावा लागतो, हे सर्वांचं सारखं नसतं, आणि यंत्र बंद पडलं की ज्याला जास्त वेळा दाखवायचा आहे तो जास्त अडतो. गेल्या वर्षीचंच घ्या. वक्फ मालमत्तांची नोंद करण्यासाठीचं 'उमीद' पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं. मुदत सहा महिने. छोट्या गावातल्या मशिदीच्या, कबरस्तानाच्या मुतवल्लींनी सनदा, सातबारे, जुने उतारे शोधून चढवायचे होते. त्याच सहा महिन्यांच्या मध्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेकांनी घाईने संगणक बदलले किंवा अपडेट केले. दोन्ही तारखा ठरवणाऱ्यांना एकमेकांची गंधवार्ताही नसेल. मुतवल्लीला मात्र दोन्ही एकदमच भोगाव्या लागल्या. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ज्यांना हवी त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं. "आमचा स्कॅनर चालत नव्हता" हे कारण न्यायाधिकरणापुढे किती टिकेल, कल्पना करा.

म्हणून मागणी तंत्रज्ञांकडे नाही, शासनाकडे करायला हवी. जे कागद सरकारच्याच दप्तरात डिजिटल आहेत, ते नागरिकाकडून छापून, स्कॅन करून पुन्हा मागू नयेत. २०१६ च्या नियमांनुसार डिजिलॉकरमधला दाखला मूळ कागदासारखाच धरायचा आहे, तरी 'स्कॅन कॉपी जोडा' ही ओळ अर्जातून जात नाही. दुसरं, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे तिचे विषय. सुट्या भागांची चर्चा झाली. माझ्या मते ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे. कंपनीला त्याची देखभाल परवडत नसेल तर तिने तो खुला करावा, पुढचं लोक बघून घेतील.

आपल्या जमातींनीही थोडं करावं. एका मोहल्ल्यात एक जुना सीसीडी स्कॅनर आणि एक लिनक्सचा संगणक, मशिदीच्या नाहीतर शिक्षण संस्थेच्या खोलीत ठेवायला फार खर्च येत नाही. जलशावर त्याहून जास्त उडतो. मोडी वाचणारा एखादा मुलगा किंवा मुलगी तयार झाली तर फारच उत्तम. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांतून १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला, तो असे जुने कागद वाचत बसूनच. आपल्या घरातल्या पेट्या अजून कुणी उघडलेल्या नाहीत.

आणि ज्यांचा स्कॅनर आज चालू आहे त्यांनी या आठवड्यात एवढं करून ठेवावं: चालत असलेल्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, कारण कंपन्या जुन्या फाइली संकेतस्थळावरून काढून टाकतात. स्कॅनर उलटा करून त्याच्या पोटावर मॉडेलचं नाव आणि ड्रायव्हरचा क्रमांक मार्करने लिहावा. आणि प्रवेशाचे दिवस संपेपर्यंत विंडोजचं अपडेट पुढे ढकलावं. थोड्या आठवड्यांसाठी ती सोय 'सेटिंग्ज'मध्येच असते.