अंगावरून वारं गेल्यावर

अर्धांगवायू झाला की आमच्या रेवदंड्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. माझ्या उजव्या अंगावरून गेलं. हाताला मालीश मिळाली, मनाला मात्र ‘देवाचं नाव घे’. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, तो आजाराचाच भाग आहे, हे कुणी सांगितलंच नाही. आता रोज दहा मिनिटं श्वासाकडे, बधिर बोटांकडे नुसतं लक्ष देत बसते. धडधड कमी होते. (औषधं चालूच आहेत.) पण या दहा मिनिटांसाठी घरात भांडावं लागलं! मासळी कोण साफ करणार, म्हणे. मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत रक्तदाब मोजतो, तिथेच ‘झोप लागते का, रडू येतं का?’ हेही विचारू या. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत फोन २०२२पासून आहे, मराठीतही बोलतात.