घर बदललं, विम्याचं काय?

घर बदलताना आपली यादी ठरलेली : टेम्पो, गॅस, ब्रॉडबँड, बँकेतला पत्ता आणि दूध उतू घालायचा मुहूर्त. घराचा विमा मात्र त्यात कुठेच नसतो. गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा, म्हणून आपण काढतो. घराला सक्ती नाही. विषय संपला!

आमच्या कारंजा (घाडगे) कडून नोकरी-शिक्षणापायी नागपूरला सरकणारे बरेच. त्यांचा ठरलेला प्रश्न, "आपल्याकडे कुठे भूकंप-पूर येतो?" मंडळी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नागपुरातच तळमजल्यांवरचे फ्रीज, सोफे, गाद्या पाण्यात गेले.

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप सगळं त्यात येतं. हिशोबही सोपा. फ्लॅटचा बाजारभाव धरायचा नाही (जमीन काही जळत नाही!), फक्त बांधकामाचा खर्च धरायचा. समजा, कार्पेट एरिया ७०० चौरस फूट आणि दर २००० रुपये. झाले १४ लाख. घराचा विमा काढला की त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ८० हजारांपर्यंत घरातलं सामान आपोआप धरलं जातं. कमाल मर्यादा १० लाख. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो.

आता खरी गोम. ही पॉलिसी पत्त्याला चिकटलेली असते. सामान नव्या घरी गेलं म्हणून विमा त्याच्या मागे टेम्पोत बसून जात नाही. प्रवासातल्या तुटफुटीचा विमा वेगळा. पॅकर्सवाला बिलात 'इन्शुरन्स' लावतो, तेव्हा पॉलिसीचा कागद मागा. आणि साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. विमा असलेल्या आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. गावाकडच्या कुलूपबंद घरासाठी हे आधी विचारून घ्यायलाच हवं. गृहकर्जासोबत बँकेने दिलेला विमाही नीट वाचा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नव्हे.

माझं मत सरळ आहे : नव्या पत्त्याचा विमा किल्ली हातात येते त्या दिवसापासून सुरू हवा आणि जुन्याचा, तिथलं शेवटचं खोकं हलेपर्यंत चालू हवा. जुनं घर ठेवणार असाल तर पुढेही. चार दिवस दोन्हीकडे हप्ता पडेल, पडू दे. आईबाबांनी तीस वर्षांत जमवलेला संसार एका रात्रीत परत उभा करायचा तर आपला पगारही पुरत नाही.

असो. या शनिवारी निदान पॉलिसीवरचा पत्ता तरी बघा.