जुना संगणक भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्यांसाठी वर्षभराची सुरक्षा-मुदतवाढ जाहीर झाली, पण ती फारच थोड्या घरांपर्यंत पोहोचली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, त्यामुळे काही बदललं आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बदल एवढाच, की यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी त्यात दुरुस्त होणार नाहीत. आणि त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, आधार कार्ड अपलोड करतो.

कंपनीचा सल्ला आहे, विंडोज ११ घ्या. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीतल्या कितीतरी घरांत मुलांसाठी घेतलेला संगणक त्याहून जुना आहे, अनेकदा ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड. दुकानदार म्हणतो, "याचं काही होणार नाही, नवा घ्या." नव्या संगणकाच्या पैशात इथल्या अनेक घरांत मुलीची वर्षाची फी भरून होते.

माझं म्हणणं आहे, नवा घेऊ नका. त्यावर लिनक्स टाका.

लिनक्स ही संगणक चालवणारी मोफत आणि मुक्त प्रणाली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहायला घेतला. आज जगभरचे हजारो लोक तो सांभाळतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून ज्या सर्व्हरवर रोज काम करतो, तेही.

गेल्या हिवाळ्यात तुमसरला मामेभावाच्या घरचा २०१६ चा संगणक आम्ही बदलला. चार जीबी रॅम, सहाव्या पिढीचा प्रोसेसर. आधी सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंटची हलकी, 'एक्सएफसीई' आवृत्ती नुसती चालवून पाहिली; अशा वेळी आतलं काहीच पुसलं जात नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात याची खात्री झाल्यावरच ती कायमची बसवली. स्कॅनरसाठी तेवढी खटपट करावी लागली. त्याची अकरावीतली मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "चाचू, हा तर लवकर सुरू होतो!" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "वर्ड कुठाय?" वर्डच्या जागी लिब्रेऑफिस आहे हे सांगितलं. आठवडाभरात तिचा हात बसला.

आता अडचणीही सांगतो, कारण लिनक्सचे समर्थक त्या लपवतात आणि मग माणूस चार दिवसांत परत विंडोजवर येतो. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड लिनक्सवर येत नाहीत. सेवा केंद्र चालवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेणाऱ्या बहुतेक मशिनी विंडोज मागतात. ज्यांची रोजीरोटी यावर आहे, त्यांनी घाई करू नये. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवता येतात. पण अभ्यास, इंटरनेट, व्हिडिओ, अर्ज, पत्रं एवढंच काम असलेल्या घराला विंडोजची गरज उरलेली नाही.

"एमएस-सीआयटीत तर विंडोजच शिकवतात, नोकरीतही तेच लागतं," असं पालक म्हणतात. ते खरं आहे, म्हणून विंडोजही शिकावं. पण तेवढंच शिकलेला मुलगा एका कंपनीची बटणं शिकतो, संगणक शिकत नाही. केरळने सरकारी शाळांसाठी २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. तिथली मुलं शाळेतच लिनक्स हाताळतात. आपल्याच सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्स प्रणाली आणली, पण आपल्या गावात तिचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी आपसात बोलली जात नाही. आपल्या घरांतल्या किती संगणकांवरची विंडोज विकत घेतलेली आहे? दुकानदार क्रॅक टाकून देतो, आपण विचारत नाही. हलाल-हरामचा विचार ताटापाशी थांबतो, संगणकापर्यंत येत नाही. दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय वापरणं अमानतीत बसत नाही, मग ती कंपनी कितीही श्रीमंत असो. व्यवहाराच्या बाजूनेही, क्रॅकमधून व्हायरस येतात. जिथे बनवणाराच "घ्या, वापरा, वाटा" म्हणतो, तिथे चोरीची गरजच संपते.

भाषेचं काय? मराठी इनस्क्रिप्ट आणि उर्दू, दोन्ही कीबोर्ड सेटिंगमध्ये जोडता येतात. नस्तालिक अक्षरांसाठी 'नोटो नस्तालिक उर्दू' हा मोफत फॉन्ट आहे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत मिळतात. जुन्या श्री-लिपी किंवा इनपेजच्या फायली असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून ठेवा. या प्रणालीतले मराठी-उर्दू शब्द स्वयंसेवकांनी भरलेत. त्यात चूक दिसली तर आपणही दुरुस्ती सुचवू शकतो. विंडोजचे आपण ग्राहक आहोत. इथे हातभार लावायला जागा आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

एकट्याने हे अवघड वाटतं, म्हणून ते मिळून करावं. प्रत्येक तालुक्यात आपली आठ-दहा मुलंमुली कम्प्युटर सायन्स शिकतात. मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत एक रविवार ठरवा. एक पेनड्राइव्ह, एक बाहेरची हार्ड डिस्क, दोन जाणकार एवढं पुरे. लोकांना जुने संगणक आणायला सांगा. नियम तीनच ठेवा: फायलींची प्रत घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, पेनड्राइव्हवरून चालवून दाखवल्याशिवाय बसवायचं नाही, आणि पुढचे दोन महिने फोन उचलायचा. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण लोक प्रणालीला कंटाळून परत जात नाहीत, विचारायला कुणी नसतं म्हणून जातात.

मामेभावाच्या संगणकावरच्या मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. तोवर ती मुलगी पदवीपर्यंत पोहोचलेली असेल. तुमच्या गल्लीत असे किती संगणक कापडाखाली झाकून ठेवलेत, ते या आठवड्यात मोजून पाहा.