वादळे मोजण्यापेक्षा समुद्र मोजा

अटलांटिक महासागरातील हरिकेनचा हंगाम 1 जूनला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो. त्याआधी मे महिन्यात 'नोआ' ही अमेरिकेची समुद्र व हवामान संस्था यंदा किती वादळे येणार याचा अंदाज जाहीर करते, आणि वृत्तवाहिन्यांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळे त्या आकड्यावर तुटून पडतात. 2024 मध्ये हा आकडा 17 ते 25 वादळे असा होता. मे महिन्यात नोआने तोवर दिलेला तो सर्वांत मोठा अंदाज होता आणि त्याचे एक मोठे कारण समुद्रातच दिसत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कॅरिबियनपर्यंतच्या ज्या पट्ट्यात मोठी हरिकेन जन्माला येतात, तो हंगामाच्या कितीतरी आधीच विक्रमी तापला होता. प्रत्यक्षात नाव देण्याजोगी 18 वादळे आली. 2025 मध्ये 13 आली, म्हणजे 14 या दीर्घकालीन सरासरीहूनही एक कमी. मग समुद्र तापल्याची एवढी ओरड कशाला, असे कोणी विचारले तर नवल नाही. पण त्या तेरांपैकी एरिन, हम्बर्टो आणि मेलिसा ही तीन वादळे पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोहोचली. एकाच हंगामात पाचव्या श्रेणीची याहून जास्त वादळे फक्त 2005 मध्ये नोंदली गेली आहेत. तापलेला समुद्र वादळांची संख्या एकट्याने ठरवत नाही. जे वादळ जन्माला येईल ते किती उग्र होईल आणि किती झटपट, यावर मात्र त्याची हुकमत चालते. आपली तयारी, चर्चा आणि पैशांची तरतूद अजूनही संख्येभोवतीच फिरते, ही खरी अडचण आहे.

हरिकेनला साधारण 26.5 अंश सेल्सिअसहून गरम पाणी लागते. त्या पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. इथवर शाळेच्या पुस्तकातही असते. पुढचा भाग पृष्ठभागाखाली घडतो. वादळाचे वारे समुद्र ढवळून खालचे थंड पाणी वर आणतात. वादळ एकाच जागी रेंगाळले तर स्वतःच्याच पायाखालचे पाणी गार करून ते मंदावते. निसर्गाने त्याला लावलेला हा ब्रेकच म्हणायचा. पण गरम पाण्याचा थर पन्नास-शंभर मीटर खोल गेला असेल, तर कितीही ढवळले तरी वर गरमच पाणी येते आणि ब्रेक लागत नाही. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान थेट मोजतात. खालच्या थरांची खरी नोंद मिळते ती दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येणाऱ्या आर्गो यंत्रांकडून आणि तरंगत्या बोयांकडून. हंगामापूर्वीच्या बातम्यांत पृष्ठभागाचा तांबडा नकाशा ठळक छापला जातो. खोलीचा हिशेब क्वचितच दिसतो.

मेलिसाने हा हिशेब ढळढळीत मांडून दाखवला. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस हे वादळ जमैकाच्या दक्षिणेला माणसाच्या चालीने सरकत होते. इतक्या संथ वादळाने थंड पाणी वर काढून स्वतःच क्षीण व्हायला हवे होते. कॅरिबियनचे पाणी खोलवर तापलेले असल्यामुळे ते उलट बळावत गेले. 28 ऑक्टोबरला ताशी सुमारे 295 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी ते पश्चिम जमैकावर धडकले. जागतिक बँक आणि आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अंदाजानुसार नुकसान 880 कोटी डॉलरच्या घरात गेले, म्हणजे त्या देशाच्या 2024 च्या सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या तब्बल 41 टक्के. हंगाम सरासरीच्या आतबाहेरच राहिला, हे सांगून जमैकाच्या शेतकऱ्याचे समाधान होणार नाही.

उग्रतेइतकाच धोका वेगाचा आहे. 2024 च्या जूनअखेरीस बेरिल नावाचे साधे कमी दाबाचे क्षेत्र दोन दिवसांच्या आत मोठे हरिकेन झाले. 1 जुलैला त्याने ग्रेनेडाचे कॅरिअकू बेट उद्ध्वस्त केले आणि दुसऱ्याच दिवशी ते पाचव्या श्रेणीला पोहोचले. अटलांटिकच्या नोंदींत वर्षाच्या इतक्या सुरुवातीला असे कधी घडले नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावर ओटिसने याहून वाईट केले. सकाळी जे साधे उष्णकटिबंधीय वादळ होते, ते त्याच रात्री पाचव्या श्रेणीचे होऊन अकापुल्को शहरावर आदळले. अंदाज सांगणाऱ्या प्रारूपांना हे आधी पकडता आले नाही. लाखोंच्या शहराला स्थलांतरासाठी दोन दिवस हवेत आणि वादळ बारा तासच देत असेल, तर इशारा बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा की नुसते गरम पाणी असून भागत नाही. तो खराच आहे. वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात मोठा फरक असेल तर वादळाचा डोलारा मोडतो. सहाराची कोरडी, धुळीची हवा त्याला सुकवते. एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर वाऱ्यांच्या वेगातील हा फरक वाढतो. 2024 मध्ये तर ऐन भरात, ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सुमारे तीन आठवडे, एकाही नव्या वादळाला नाव द्यावे लागले नाही आणि तज्ज्ञही बुचकळ्यात पडले. पण त्यानंतर काय झाले? सप्टेंबरच्या अखेरीपासून हेलीन, मिल्टन यांच्यासह सात हरिकेन उभी राहिली. हवेने अडवून धरले तोवर समुद्रातली उष्णता तिथेच होती. वाट मोकळी होताच ती कामी आली. 2023 मध्ये एल निनो असूनही अटलांटिकमध्ये वीस वादळे झाली, तीही याच उष्णतेच्या जोरावर. म्हणजे हा आक्षेप संख्येच्या अंदाजाला लागू पडतो, तीव्रतेच्या धोक्याला नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी पॅनलचा 2021 चा अहवालही हेच सांगतो. जगभरातील वादळांची एकूण संख्या वाढल्याचा ठोस कल दिसत नाही, परंतु तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीच्या वादळांचे प्रमाण गेल्या चार दशकांत बहुधा वाढले आहे.

दुसरा आक्षेप नैसर्गिक चक्राचा. अटलांटिक काही दशके तापतो, काही दशके निवतो, आणि 1995 पासून तो उष्ण टप्प्यात आहे, असे काही अभ्यासक मांडतात. 2020 पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. ऊन परतवणारे प्रदूषण घटल्यानेही पाणी अधिक तापले असावे, हा तर्क त्यात जोडला जातो. या सगळ्याचा काही वाटा असेलही. पण हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे नव्वद टक्के उष्णता महासागर पोटात घेत आहेत, ही मोजून काढलेली गोष्ट आहे. चक्र वरखाली होते ते या चढत्या पायरीवर. शिवाय कारणांची वाटणी कशीही केली तरी किनाऱ्यावरच्या माणसाला भेटणारे पाणी तेवढेच गरम असते. वाद चालू आहे म्हणून तयारी लांबवण्याला हे कारण पुरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वादळांच्या मार्गाच्या अंदाजातील चूक गेल्या तीन दशकांत निम्म्याहूनही कमी झाली आहे, मग चिंता कशाची? पण वादळ कुठे जाईल हे कळणे वेगळे आणि ते काय घेऊन येईल हे लोकांना उमगणे वेगळे. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीनचा मार्ग आधी उत्तम वर्तवला गेला होता, मुसळधार पावसाचा इशाराही होता. तरीही सुमारे अडीचशे माणसे गेली, आणि त्यांतली बरीचशी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नव्हे, तर शेकडो किलोमीटर आत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात पूर आणि दरडींखाली. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि श्रेणी ठरते ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून. 2017 मध्ये टेक्सासमध्ये ठाण मांडलेल्या हार्वेने काही दिवसांत दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला, तेव्हा त्याचे वारे ओसरलेले होते. 26 जुलै 2005 चा मुंबईतल्या सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आठवणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून हंगामापूर्वीच्या तापमानाचा उपयोग बदलायला हवा. पाणी खोलवर तापलेले दिसले की स्थलांतराचा निर्णय नेहमीपेक्षा एक दिवस अलीकडे आणावा, निवारे आणि वीजदुरुस्तीची पथके आधीच सज्ज ठेवावीत, आणि पैसा वादळानंतर नव्हे, आधी मोकळा करावा. जमैकाने जागतिक बँकेमार्फत घेतलेल्या आपत्ती रोख्यांतून मेलिसानंतर 15 कोटी डॉलर पूर्ण मिळाले. व्यवस्था चोख होती, पण 880 कोटींपुढे ती रक्कम कितीशी? अशा वेळी 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने नोआतील शेकडो कर्मचारी कमी केले, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. समुद्र मोजणारी माणसे आणि यंत्रे कमी करून वाचलेला पैसा एका चुकलेल्या अंदाजात बुडतो.

आपल्यालाही यातून सुटका नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली. इथे संख्येबरोबर तीव्रताही चढती आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्तेच्या तडाख्यात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 बार्ज बुडाला आणि अनेक कामगार प्राणांस मुकले. हवामान खात्याचा इशारा तेव्हा आधीच आलेला होता. कमी पडला तो वेळेवर घेतलेला निर्णय. येत्या मे महिन्यात वादळे किती येणार असे कोणी विचारले, तर त्याला उलट विचारावे: आज इशारा आला तर चोवीस तासांत आपल्या तालुक्यातली किती माणसे पक्क्या छपराखाली पोहोचतील? उत्तर जिल्हा प्रशासनाकडून लेखी मागावे.