पाण्याचा उपदेश आणि उसाचा फड

मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार २००६ पासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. भरपूर पाणी प्या, मीठ कमी खा, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवा, असा उपदेश त्या दिवशी सर्वत्र होतो. उपदेश खोटा नाही. मात्र ऐकणाऱ्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हाती आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. बीड जिल्ह्यातून उचल घेऊन निघालेल्या ऊसतोड जोडप्याच्या हाती तो असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर मध्य अमेरिकेतील ऊसमळ्यांनी दिले आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक रुग्णांना मधुमेह वा रक्तदाब असे नेहमीचे कारणच नाही, हे एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी २००२ साली नोंदविले. या रोगाने तेथे आणि निकारागुआत प्रामुख्याने तरुण ऊसतोड कामगारांना गाठले. कीटकनाशकांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु रणरणत्या उन्हातील अतिश्रम आणि शरीरातील पाण्याची तूट यांचा मूत्रपिंडावर आघात होतो, याचे पुरावे भक्कम आहेत. मजुरी टनावर असली की विसावा म्हणजे बुडालेली मजुरी. माणूस थांबत नाही. थांबते ते त्याचे मूत्रपिंड.

महाराष्ट्रातील फडाची रीत निराळी नाही. येथेही मजुरी टनावरच मिळते. शिवाय डोक्यावर उचलीचे कर्ज आणि खाड्याचा दंड. अंगदुखी दाबण्यासाठी वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात, आणि शरीरात पाणी कमी असताना याच गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवितात. कोप्यांच्या तळावर शौचालय नाही, म्हणून स्त्रिया पाणी पिण्याचेच टाळतात. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय.

शासनाने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. तो आवश्यकच आहे. पण आठवड्यातून साधारणतः तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास यंत्राला जखडलेला मजूर कोयता केव्हा उचलणार? रोग निर्माण करणारी व्यवस्था अबाधित ठेवून केवळ यंत्रे वाटणे हे आरोग्यधोरण नव्हे.

उपाय अज्ञात नाही. पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्तबद्ध सोय एल साल्वादोरमधील ऊसतोडीत करून पाहण्यात आली. तेव्हा उत्पादन घटले नाही. विश्रांती वाढविल्यावर मूत्रपिंडांची इजा कमी होते, असे निकारागुआत आढळले. मग सहकाराचा वारसा सांगणाऱ्या कारखान्यांना हे का जमू नये?

हंगामाच्या आरंभी व अखेरीस प्रत्येक तोडणी कामगाराची क्रिएटिनिन व लघवीची मोफत तपासणी, फडावर स्वच्छ पाणी व सावली, उन्हाच्या वेळी मजुरी न कापता सक्तीची विश्रांती, तळावर शौचालये आणि खाड्याच्या दंडावर बंदी, या मागण्या कार्यकर्त्यांनी मजुरीच्या कराराइतक्याच आग्रहाने मांडल्या पाहिजेत. हा रोग दीर्घकाळ मुकाट वाढतो. चळवळीने त्याच्यासारखे मुके राहता कामा नये.